बिल कोणी उचलायचे?

जपानी भाषेत ‘फामिरेसु’ असा एक शब्द रूढ आहे. ‘फॅमिली रेस्टॉरंट’ या इंग्रजी नावाचे ते जपानी संक्षिप्त रूप. हे उंची उपाहारगृह नव्हे आणि उभ्याने खाण्याचा ठेलाही नव्हे. घरातील सर्वांनी एका टेबलाशी, घाई न करता, बेताच्या पैशांत जेवावे, यासाठी निघालेली ही जागा आहे.

या व्यवसायाचा आरंभ आपल्या व्यापारी वाचकांना रुचेल असा आहे. योकोकावा हे चौघे भाऊ टोकियोच्या उपनगरात खाद्यपदार्थांचे दुकान चालवीत. 1970 साली त्यांनी टोकियोच्या पश्चिमेस फुचू येथे ‘स्कायलार्क’चे पहिले उपाहारगृह उघडले. पाठोपाठ 1971 मध्ये ‘रॉयल होस्ट’ आणि 1974 मध्ये ‘डेनीज’ आले. त्या काळी जपानी घरांत मोटार येऊ लागली होती आणि वस्ती शहराबाहेर पसरत होती. म्हणून ही उपाहारगृहे हमरस्त्यालगत, गाड्या लावायला मोकळी जागा राखून उभी राहिली.

तेथील व्यवस्था साधी, पण विचारपूर्वक केलेली आहे. मेन्यूवर प्रत्येक पदार्थाचे रंगीत छायाचित्र व किंमत असते, त्यामुळे चष्मा घरी विसरलेल्या आजोबांचेही अडत नाही. टेबलावरील बटण दाबले की सेवक येतो, हाक मारावी लागत नाही. ठरावीक रक्कम भरली की चहा, कॉफी, सरबते आपल्या हाताने हवी तितकी घ्यावीत. टीप देण्याची प्रथा नाही, म्हणून किती खर्च होणार हे बसल्या जागी कळते. ‘साइझेरिया’ या साखळीत भाजलेल्या भाताचा डोरिया हा पदार्थ अनेक वर्षे 300 येनच्या आसपास, म्हणजे आपल्या सुमारे दोनशे रुपयांत मिळत आला आहे. शाकाहारी माणसाची मात्र तेथे पंचाईतच होते. त्या डोरियात मांस असते आणि साध्या दिसणाऱ्या रश्श्यातही बहुधा सुकवलेल्या माशाचा अर्क उतरलेला असतो.

टोकियोतील मुक्कामात एका दुपारी मी अशाच ठिकाणी केवळ चहा घेत बसलो होतो. शेजारच्या टेबलावर ऐंशीच्या घरातील एक वृद्धा आणि पन्नाशीचा तिचा मुलगा जेवत होते. बोलणे फारसे नव्हते. मुलगा दोनदा उठून आईसाठी गरम चहा घेऊन आला. आईने आपल्या ताटातील एक तुकडा न विचारता त्याच्या ताटात ठेवला. अशा उपाहारगृहांत बिलाची गुंडाळी टेबलावरच्या एका छोट्या नळीत खोचून ठेवतात. जो ती उचलतो, तो गल्ल्यावर जाऊन पैसे भरतो. जेवण संपताच आईने ती गुंडाळी काढली आणि पर्स घेऊन हळूहळू गल्ल्याकडे निघाली. मुलाने तिला अडवले नाही. तो तिच्या मागे दोन पावले अंतर ठेवून उभा राहिला आणि पैसे देऊन झाल्यावर त्याने मान लववून आभार मानले.

जपानमध्ये आज दर दहा माणसांत जवळपास तीन माणसे पासष्टी ओलांडलेली आहेत. त्यांतील पुष्कळांची भिस्त निवृत्तिवेतनावर असते. अशा देशात स्वस्त जेवणाचा अर्थ केवळ पोट भरणे एवढाच राहत नाही. म्हाताऱ्या आईलाही पन्नाशीच्या मुलाला जेवू घालणे परवडते, हा त्या स्वस्ताईचा खरा लाभ होय.

बँकेच्या नोकरीत मी याची दुसरी बाजू पुष्कळ पाहिली. चाळीस वर्षे पेढी सांभाळलेले गृहस्थ एके दिवशी सहीचा अधिकार मुलाकडे सोपवीत. कागदोपत्री ते योग्यच असे. पण पुढे नातवाला खाऊ आणायचा म्हटले, तरी त्यांना सुनेकडे किंवा मुलाकडे शब्द टाकावा लागे. घरात कशाचीही वाण नसे, कोणी नाहीही म्हणत नसे. तरीही मागावे लागणे आणि आपल्या हाताने देणे यांतील अंतर त्यांच्या चेहऱ्यावर दिसे.

म्हणून वाचकहो, दोन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. वडिलांनी किंवा आईने व्यवहार सोपविला, तरी त्यांच्या एकट्याच्या नावे एक बचत खाते चालू ठेवावे. मुदत ठेवीचे किंवा ज्येष्ठ नागरिक बचत योजनेचे तिमाही व्याज थेट त्यात जमा व्हावे. त्या पैशाचा हिशेब कोणी विचारू नये. दुसरी गोष्ट याहून सोपी आहे. सण, वाढदिवस, लग्न यांची वाट न पाहता महिन्यातून एकदा आई-वडिलांना घेऊन गावातील साध्या शाकाहारी उपाहारगृहात जावे. जागा महाग नसावी. महागड्या ठिकाणी मुलगाच बिल देणार हे आधीच ठरून जाते आणि आई-वडील त्या टेबलावर पाहुणे होतात.

आणि बिल आल्यावर वडिलांचा हात खिशाकडे गेला, तर आपला हात आवरावा. दीड-दोनशे रुपये वाचविण्यापेक्षा त्यांच्याकडून घेणे हीच त्या क्षणी त्यांची सेवा ठरते.