बचावपटूची खतावणी

बँकेत कॅशियरच्या पिंजऱ्यात बसणाऱ्या माणसाचे एक दुर्दैव असते. तीस वर्षे त्याची कॅश रोज संध्याकाळी टॅली होते, तेव्हा कोणी पाठीवर थाप मारीत नाही. एखाद्या दिवशी पाचशे रुपये कमी भरले, की शिपायापासून विभागीय कार्यालयापर्यंत सगळ्यांना त्याचे नाव ठाऊक होते. फुटबॉलमधला बचावपटूही असाच. गोल करणाऱ्याच्या दहा चुका लोक विसरतात. गोल अडविणाऱ्याची एक चूक मात्र वर्षानुवर्षे दाखवली जाते.

१५ जून २०१४. रिओ शहरातले माराकाना मैदान. आपल्याकडे १६ तारखेची पहाट व्हायची होती, घड्याळात साडेतीन वाजले होते. बोस्निया-हर्झेगोविना हा चिमुकला देश आपला पहिलावहिला विश्वचषक सामना खेळायला उतरला होता आणि समोर होता मेस्सीचा अर्जेंटिना. तीन मिनिटेही झाली नव्हती. मेस्सीची फ्री किक गर्दीतून निसटत आली, सेआद कोलाशिनाच नावाच्या बचावपटूच्या पायाला लागली आणि चेंडू त्याच्याच संघाच्या जाळ्यात गेला. अवघी २ मिनिटे ८ सेकंद! विश्वचषकाच्या इतिहासात इतका झटपट स्वयंगोल तोवर कोणाच्या नावावर लागला नव्हता. बोस्निया तो सामना १-२ असा हरला. मुलाला एकविसावे वर्ष पूर्ण व्हायला पाच दिवस होते.

(नावातला शेवटचा ‘च’ आपल्या ‘चमचा’तला. मराठी माणसाला तो उच्चार अवघड नाही.)

इथपर्यंतची हकिगत क्रीडापानाची आहे. मला बोलायचे आहे ते तिच्या मागच्या हिशेबाबद्दल. हा मुलगा बोस्नियात जन्मलाच नव्हता. २० जून १९९३ रोजी तो जन्मला जर्मनीतल्या कार्लसरूह शहरात. त्या वेळी साराजेव्होला वेढा पडून वर्ष उलटले होते. तो जर्मनीच्या मैदानांवर वाढला आणि जर्मनीच्या कुमार संघांतून खेळला. २०१३ मध्ये त्याने निवड केली ती मात्र बोस्नियाची. आता योगायोग पाहा. माराकानावरच्या त्या सामन्यानंतर बरोबर चार आठवड्यांनी, त्याच मैदानावर, त्याच अर्जेंटिनाला हरवून जर्मनीने विश्वचषक उचलला. व्यवहारी माणूस म्हणेल, पोराने खाते चुकीच्या बँकेत उघडले.

पण हा एकटाच असा नव्हता. १९९२ ते १९९५ या युद्धात बोस्नियात सुमारे एक लाख माणसे मेली आणि जवळजवळ निम्मा देश घराबाहेर फेकला गेला. १९९१ च्या जनगणनेत तिथे सुमारे ४४ लाख लोक होते, २०१३ च्या जनगणनेत ३५ लाख. एकट्या जर्मनीने तीन लाखांहून अधिक निर्वासितांना आसरा दिला. त्यांतल्या बहुतेकांना युद्ध संपल्यावर परतावे लागले, ही गोष्ट वेगळी. २०१४ च्या संघाकडे पाहिले तर हा सगळा इतिहास अकरा सदऱ्यांत उभा दिसतो. गोलरक्षक अस्मिर बेगोविच त्रेबिन्येत जन्मला, लहानपणी जर्मनीत गेला आणि कॅनडात वाढला. मिरालेम प्यानिच जन्मला तुझलात आणि वाढला लक्झेंबर्गमध्ये. एडिन झेकोचे बालपण मात्र वेढलेल्या साराजेव्होतच गेले.

आणि आज? युद्ध संपून तीस वर्षे झाली, तरी चित्र तेच आहे. उजव्या बगलेचा बचावपटू अमर देदिच २००२ साली ऑस्ट्रियात जन्मला, साल्झबुर्गच्या क्लबात घडला आणि २०२५ मध्ये पोर्तुगालच्या बेन्फिकाकडे गेला. खेळतो बोस्नियाकडून. मधल्या फळीपुढे न जाता गोलासमोर भिंत होऊन उभा राहणारा अनेल अहमेदहोजिच १९९९ साली स्वीडनमधल्या माल्मोत जन्मला. स्वीडनकडून तो एक मैत्रीपूर्ण सामनाही खेळला आणि २०२० मध्ये बोस्नियाकडे आला. त्याच माल्मोतल्या झ्लाटान इब्राहिमोविचचे वडीलही बोस्नियाचे, पण तो जन्मभर स्वीडनकडून खेळला. कोणाचे चूक नि कोणाचे बरोबर, असा हा प्रश्न नाही. ज्या भूमीने वाढवले तिच्याशी इमान राखणे हीही निष्ठाच.

आता थोडा जमाखर्च. १९९५ च्या डिसेंबरात दोन कागद एका दिवसाच्या अंतराने जगापुढे आले. १४ तारखेला पॅरिसमध्ये डेटन करारावर सह्या झाल्या आणि बोस्नियातले युद्ध संपले. १५ तारखेला युरोपीय न्यायालयाने बोस्मान या बेल्जियन खेळाडूच्या खटल्यात निकाल दिला, की करार संपल्यावर खेळाडूला अडकवून ठेवून नव्या क्लबाकडून पैसे मागता येणार नाहीत. पहिल्या कागदाने या मुलांच्या आईबापांचे भवितव्य ठरले, दुसऱ्याने मुलांचे. कोलाशिनाच २०१७ मध्ये शाल्के क्लब सोडून लंडनच्या आर्सेनलकडे गेला तो करार संपल्यावर. शाल्केच्या पदरात एक पैसाही पडला नाही.

करार चालू असताना खेळाडू एका देशातून दुसऱ्या देशातल्या क्लबात विकला गेला, तर मात्र फिफाचा एक नियम लागू होतो. किमतीतले पाच टक्के, त्याला वयाच्या बाराव्यापासून तेविसाव्या वर्षापर्यंत शिकवणाऱ्या क्लबांना वर्षांच्या हिशेबाने वाटले जातात. गावातल्या छोट्या क्लबाला अशा एका व्यवहारातून नवे मैदान करता येते. नियम चांगला आहे. पण देदिचसारख्याच्या बाबतीत हा वाटा ऑस्ट्रियात राहतो. बोस्नियाच्या क्लबांना त्यातला छदामही नाही, कारण त्यांनी त्याला शिकवलेच नाही. खतावणीत बोस्नियाच्या नावे पैशाची नोंद शून्य. मिळतो तो फक्त माणूस, आणि तोही वर्षातले मोजके दिवस.

ज्या देशाला हा माणूस मिळतो, त्याचे घर तरी धड आहे का? डेटन कराराने शांतता आणली, पण सत्ता तीन समाजांत वाटून. फुटबॉल संघटनेचेही तसेच झाले. तीन समाजांचे तीन अध्यक्ष, आळीपाळीने कारभार. एकच अध्यक्ष निवडा, असे फिफा सांगत राहिली, यांनी ऐकले नाही आणि एप्रिल २०११ मध्ये संघटना निलंबित झाली. मग इविचा ओसिम या बुजुर्ग प्रशिक्षकाच्या हाती समिती दिली गेली, त्यांनी तिघांना एका मेजावर बसवले, तेव्हा निलंबन उठले. त्यानंतर तीन वर्षांत संघ ब्राझीलला पोहोचला. राजकारण्यांना जमले नाही ते एका म्हाताऱ्या फुटबॉलवाल्याला जमले, आणि मैदानावर ते तडीस नेले बऱ्याच अंशी परदेशात वाढलेल्या पोरांनी.

स्थलांतरिताचे आणि बचावपटूचे नशीब मला सारखेच वाटते. दोघांनीही वर्षानुवर्षे बिनबोभाट काम करावे, अशी अपेक्षा असते. दोघांची नोंद होते ती चूक झाल्यावर. कोलाशिनाचचा आर्सेनलमधला मित्र मेसुट ओझिल तुर्की कुटुंबातला, जन्म जर्मनीतला, २०१४ चा विश्वविजेता. २०१८ मध्ये जर्मनी पहिल्याच फेरीत गारद झाली आणि त्याने राष्ट्रीय संघ सोडला. त्याच्या निवेदनाचा सारांश एवढाच होता, की जिंकलो तर मी जर्मन आणि हरलो तर परका. पुढच्या वर्षी जुलैत लंडनच्या रस्त्यावर हत्यार घेतलेल्या दोघांनी ओझिलची गाडी अडवली, तेव्हा कोलाशिनाच रिकाम्या हातांनी त्यांच्या अंगावर धावून गेला. ते दृश्य कॅमेऱ्यात सापडले आणि जगाने पाहिले. पाच वर्षे स्वयंगोलासाठी ओळखला जाणारा हा गडी त्या दिवशी दुसऱ्या कारणासाठी ओळखला गेला.

खरे उत्तर मात्र त्याने रोजच्या कामाने आधीच दिले होते. आर्सेनलकडून पहिल्याच सामन्यात, वेम्बलीवर, चेल्सीविरुद्ध बरोबरीचा गोल त्याने केला. पुढे मार्सेय, मग इटलीतला अटलांटा. २०२४ मध्ये डब्लिनला अटलांटाने लेव्हरकूझेनला ३-० असे हरवून युरोपा लीग जिंकली, त्या अंतिम सामन्यात तो सुरुवातीपासून बचावफळीत होता. प्रतिस्पर्ध्याला एकही गोल करता आला नाही. दहा वर्षांपूर्वीचा स्वयंगोल आठवणारे पुष्कळ. ‘शून्य’ हा आकडाही बचावपटूची कमाई असते, हे लक्षात ठेवणारे थोडे.

आपल्या घरांतही दहावी-बारावीच्या निकालाच्या दिवशी, पहिली नोकरी सुटल्यावर, एखादा धंदा बुडाल्यावर विशी-एकविशीच्या पोरांचा हिशेब आपण एका नोंदीवर बंद करून टाकतो. घर सोडून दूर गेलेल्या मुलांनी वर्षातून चार दिवस यावे, तर ‘तू आता आमचा कुठे राहिलास’ हा टोमणा दारातच तयार असतो. बोस्नियाकडे या मुलांना द्यायला ना पैसा, ना हुकमी विजय. तिसऱ्या मिनिटाला झालेल्या चुकीनंतर मात्र त्या देशाने पोराला पुन्हा सदरा दिला, आणि पुढे कितीतरी वर्षे दिला. गरीब घराला एवढी श्रीमंती परवडते, तर आपल्याला का परवडू नये?