धूळ, थंडी आणि बंदुकीचे वंगण

विशेष प्रतिनिधी

वारंगा फाटा : हिंगोलीहून नांदेडकडे जाणारा रस्ता येथे नागपूर-तुळजापूर राष्ट्रीय महामार्गाला मिळतो. उन्हाळ्यात पारा चाळिशीपार गेला की काळ्या मातीची पिठासारखी धूळ या फाट्यावर दिवसभर तरंगत असते. दुचाकीच्या साखळीला सढळ हाताने तेल घातले, तर दोन दिवसांत तिच्यावर काळा लगदा चढतो आणि हा लगदा कानशीप्रमाणे दाते झिजवतो, हे येथील कोणताही गॅरेजवाला सांगेल. बैलगाडीच्या आखाला वंगण घालणाऱ्या पिढीलाही ते ठाऊक होते. हाच लगदा रायफलीच्या बोल्टवर साचला तर काय होते, हा प्रश्न मात्र गॅरेजपुरता राहत नाही.

हिंगोली येथे राज्य राखीव पोलीस बलाच्या गट क्रमांक १२ चे मुख्यालय आहे. या बलाच्या तुकड्या राज्यभर बंदोबस्तासाठी जातात. आज मराठवाड्याच्या धुळीत असलेला जवान पावसाळ्यात गडचिरोलीच्या ओल्या जंगलात असू शकतो. शस्त्र तेच, जवान तोच. हवा मात्र पूर्णतः निराळी. अशा वेळी ‘कोरडे वंगण वापरा, तेलाची कटकट नको’ हा सल्ला आकर्षक वाटतो. तो अर्धाच खरा आहे.

कोरडे वंगण म्हणजे तेलाविना घसरण देणारा घन पदार्थ. ग्रॅफाइट, मॉलिब्डेनम डायसल्फाइड आणि टेफ्लॉन ही त्यांतील प्रमुख नावे. पहिल्या दोहोंचे कण थरांवर थर रचल्यासारखे असतात आणि घर्षण होताच पत्त्यांच्या जुडीप्रमाणे एकमेकांवरून सरकतात. त्यांना चिकटपणा नसल्याने धूळ धरून ठेवली जात नाही आणि थंडीत ते थिजतही नाहीत. हिवाळ्यात खोबरेलाची बाटली उन्हात ठेवावी लागते, हे घरोघरी माहीत आहे. खनिज तेलाचेही, बऱ्याच खालच्या तापमानाला का होईना, तेच होते. घट्ट झालेल्या तेलात फायरिंग पिन मंदावते, काडतुसाच्या टोपीवर पुरेसा आघात होत नाही आणि चाप ओढूनही बार उडत नाही. १९४१च्या हिवाळ्यात मॉस्कोच्या वेशीवर जर्मन फौजांच्या शस्त्रांची अशीच गत झाली होती.

परंतु कोरड्या वंगणांचेही स्वभाव आहेत, आणि ते परस्परविरुद्ध आहेत. ग्रॅफाइटला नीट सरकण्यासाठी हवेतील बाष्प लागते. दुसऱ्या महायुद्धात अधिक उंचीवर उडणाऱ्या विमानांतील विद्युतयंत्रांचे कार्बन ब्रश झपाट्याने झिजू लागले, तेव्हा ही गोष्ट ठळकपणे ध्यानात आली. म्हणजे लडाखच्या कोरड्या, विरळ हवेत ग्रॅफाइटवर विसंबणे धोक्याचे. शिवाय ॲल्युमिनियमला ते ओलाव्यात गंजवते. मॉलिब्डेनम डायसल्फाइड याच्या उलट. कोरड्या हवेत ते उत्तम चालते आणि दमट हवेत त्याचा गुण घटतो. गडचिरोलीतील जुलै महिना त्याच्यासाठी नव्हे. आणि मुख्य म्हणजे नुसती पूड चोळल्याने लोखंडाचे गंजापासून रक्षण होत नाही. तेल ते करते. धुळीवर मात करण्यासाठी तेल पुसून टाकावे आणि पहिल्या पावसात नळी तांबूस व्हावी, असा हा व्यवहार आहे.

महाराष्ट्राचा या विषयाशी आणखी एक संबंध आहे. इन्सास रायफलीचा आराखडा पुण्यातील पाषाण येथील शस्त्रास्त्र संशोधन व विकास आस्थापनेत तयार झाला. १९९९च्या कारगिल युद्धात ही रायफल अडकल्याच्या, थंडीत तिच्या प्लास्टिकच्या मॅगझीनला तडे गेल्याच्या तक्रारी आल्या. २००५च्या ऑगस्टमध्ये नेपाळमधील कालीकोट जिल्ह्यात माओवाद्यांच्या हल्ल्यात चाळीसहून अधिक सैनिक मारले गेले, तेव्हा नेपाळी लष्कराने इन्सासला दोष दिला. भारताच्या बाजूने निगा नीट न राखल्याकडे बोट दाखविण्यात आले. या वादांत दोष आराखड्याचा की निगेचा, हे ठरविणे अवघड असते. किंबहुना बहुतेकदा तो दोहोंचा असतो. व्हिएतनाममध्ये एम-१६ रायफलीची सफाई फारशी लागत नाही, अशी समजूत पसरली, सफाईचे साहित्य पुरेसे पोचले नाही, त्यातच काडतुसांतील दारू बदलण्यात आली. १९६७मध्ये अमेरिकी संसदेच्या उपसमितीला याची चौकशी करावी लागली, तोवर अनेक सैनिक अडकलेल्या रायफली हाती घेऊन मेले होते.

धुळीबाबत सर्वांत बोलकी चाचणी अमेरिकी लष्कराने २००७मध्ये घेतली. चार प्रकारच्या रायफलींवर मुद्दाम धुळीचा मारा करून प्रत्येक प्रकारातून साठ हजार गोळ्या झाडण्यात आल्या. एम-४ तब्बल ८८२ वेळा अडकली, तर एक्सएम-८ केवळ १२७ वेळा. उरलेल्या दोघी दोनशे तीसच्या आसपास राहिल्या. गंमत अशी, की या चाचणीत कोरडे वंगण नव्हते. उलट तेल भरपूर वापरले होते आणि ठरावीक गोळ्यांनंतर शस्त्र पुसून पुन्हा तेल दिले जात होते. ताजे, भरपूर तेल काही काळ धूळ वाहून नेते. घातक ठरते ते जुने, चिकट झालेले. कपाटात वर्षभर पडलेल्या परवान्याच्या बंदुकीत नेमके तेच असते.

तेव्हा एकच एक उत्तम वंगण शोधत बसण्यात अर्थ नाही, असे आमचे मत आहे. धुळीच्या मुलखात, वारंवार पुसणे-तेलवणे शक्य नसेल तर, बोल्ट व त्याच्या खाचांवर मॉलिब्डेनमचा पक्का थर आणि बाह्य भागावर तेलाचा अगदी पुसट हात हे बरे. पावसात तेलच हवे. कडाक्याच्या थंडीत कमी तापमानासाठी बनविलेले पातळ तेल, तेही नावापुरते, आणि फायरिंग पिन शक्यतो कोरडी. तेथे आणखी एक पथ्य असते : थंड शस्त्र उबदार तंबूत आणले की त्यावर दव धरते आणि पुन्हा बाहेर नेताच त्याचा बर्फ होतो. म्हणून सीमेवर शस्त्रे बाहेरच, आडोशाला ठेवण्याची रीत आहे.

खरी अडचण वंगण बदलण्यातच आहे. पक्का थर बसवायचा तर आधी जुने तेल द्रावकाने पूर्ण काढावे लागते, धातूला फॉस्फेटची प्रक्रिया द्यावी लागते, नंतर राळेत मिसळलेले वंगण फवारून भट्टीत भाजावे लागते. हे काम बराकीत चिंदी आणि डबी घेऊन बसलेल्या जवानाचे नव्हे, कार्यशाळेचे आहे. उरलेल्या तेलावर पूड शिंपडली तर फाट्यावरच्या साखळीवर असतो तोच लगदा रायफलीत तयार होतो. त्यामुळे नवे वंगण खरेदी करताना डबीच्या किमतीसोबत कार्यशाळेची क्षमता आणि तुकडी कोणत्या महिन्यात कोठे जाणार, हेही कागदावर मांडावे लागेल.