‘स्टॉपगॅप’ कोणाला म्हणावे?

‘स्टॉपगॅप’ हा इंग्रजी शब्द आपल्या बोलण्यात चांगलाच रुळला आहे. प्राध्यापक रजेवर गेले की त्यांच्या जागी येणारे ‘स्टॉपगॅप’ ठरतात. वास्तविक या शब्दातील ‘स्टॉप’ म्हणजे थांबणे नव्हे, तर बुजवणे. बाटलीच्या बुचाला ‘स्टॉपर’ म्हणतात, तोच हा अर्थ. स्टॉपगॅप म्हणजे भगदाडात कोंबलेला बोळा! शब्द माणसासाठी वापरला, तरी त्याची नजर भगदाडावरच असते.

त्याच इंग्रजीत ‘लोकम’ हाही शब्द आहे. रजेवरील डॉक्टरांचे काम पाहणारा तो लोकम. मूळ लॅटिन ‘लोकम टेनेन्स’ म्हणजे जागा सांभाळणारा. फ्रेंचमधून आलेल्या ‘लेफ्टनंट’चीही व्युत्पत्ती हीच. येथे माणसाला मान आहे. १९६४ साली नेहरूंच्या आणि १९६६ साली शास्त्रीजींच्या निधनानंतर गुलझारीलाल नंदा हंगामी पंतप्रधान झाले. त्यांना बोळा कोण म्हणेल?

मुंबईच्या गिरण्यांनी आपल्याला ‘बदली कामगार’ दिला. कायम कामगार गैरहजर असेल तरच याला काम. नाहीतर दारावरून परत. अशी वर्षानुवर्षे काढलेले कितीतरी होते. म्हणूनच १९८२ च्या संपात बदली कामगारांना कायम करावे, ही एक मागणी होती. त्याआधीच, १९५३ साली औद्योगिक विवाद कायद्यात घातलेल्या कलमाने मान्य केले होते की, सलग एक वर्ष सेवा झालेल्याला ले-ऑफच्या भरपाईपुरते तरी ‘बदली’ समजू नये. तात्पुरतेपणालाही मुदत असते, हे कायद्याला कळले होते.

तेव्हा कसोटी सोपी आहे : ज्याच्या जागी हा आला, तो परत येणार आहे काय? येणार असेल तर ‘बदली’ हा शब्द खरा. परंतु आमच्या महाविद्यालयांतून ‘तासिका तत्त्वावर’ शिकवणाऱ्या कित्येक प्राध्यापकांच्या बाबतीत परत येणारे कोणीच नसते. पद रिक्त असते, विद्यार्थी दरवर्षी येतात, विषयही तोच राहतो. गरज कायमची आणि माणूस मात्र तासांच्या हिशेबाने! त्याला स्टॉपगॅप म्हणणे म्हणजे शब्दाच्या आड अन्याय झाकणे होय.

भाषेच्या विद्यार्थ्यांनी निदान एवढे तरी करावे. जे आपल्याला रोज शिकवतात, त्यांना ‘सर’ आणि ‘मॅडम’ म्हणावे; ‘टेम्पररी’ म्हणू नये. आणि भगदाड कायमचे असेल तर बोळे बदलत न बसता भिंत बांधा, हे संबंधितांना स्पष्ट मराठीत सांगावे.