रानातील घर आणि त्याची वाट

अलीकडे मुंबई-ठाण्याकडील सधन गृहस्थांस रानात घर बांधण्याची मोठी हौस उत्पन्न झाली आहे. मुरबाड, शहापूर, कर्जत या तालुक्यांत डोंगराच्या कुशीतील एखादी वरकस जमीन पाहावी, साग-ऐनाच्या झाडीत चार खोल्यांचे घर उठवावे आणि शनिवार-रविवार तेथे जाऊन राहावे, असा हा क्रम आहे. आमच्या ऐरोलीतील ज्या कुटुंबांची भातखाचरे नव्या शहराच्या पोटात गेली, त्यांपैकीही काहींनी पुढे तिकडे जमिनी घेतल्या. या हौसेस आमची हरकत नाही. परंतु अशा प्रत्येक घरास एक रस्ता लागतो, विजेचे खांब लागतात, पाण्याचा नळ लागतो. आणि हे सर्व कोणा तरी शेतकऱ्याच्या शेतातून जाते. तो शेतकरी बहुतकरून या मासिकाच्या वाचकांपैकीच असतो. सबब घर बांधणारा व वाट देणारा अशा दोघांच्याही कानी काही गोष्टी घालाव्या, असे आम्हांस वाटते.

आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे की, रस्ता प्रथम कागदावर व्हावा, मग जमिनीवर व्हावा आणि घराचा पाया त्यानंतर खणावा. प्रत्यक्षात नेमके उलट घडते. घर आधी उभे राहते. जमीन घेते वेळी बैलगाडीची चाकोरी दिसलेली असते, ती पाहून गृहस्थ निश्चिंत होतो. मग मे महिन्यात तो शेजारच्या शेतकऱ्याकडे येतो, दोन गोड शब्द बोलतो, गावच्या देवळास देणगी देतो. आपला शेतकरी मुळात भिडस्त. ‘जा की, वाट काय कोणाच्या बापाची आहे,’ असे म्हणून तो मोकळा होतो. दुसऱ्या दिवशी जेसीबी यंत्र येते आणि सहा फुटांच्या चाकोरीचा पंधरा फुटांचा रस्ता होतो. जूनमध्ये पहिला पाऊस पडला म्हणजे दोघांसही कळते की आपण काय करून बसलो.

येथे थोडा हिशेब मांडू. चार मीटर रुंद आणि एक किलोमीटर लांब अशा रस्त्याखाली चार हजार चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ एक एकर जमीन जाते. एका एकराचे भात शेजाऱ्याच्या भिडेखातर कोणी सोडील काय? परंतु तोच एकर लांबट पट्टीच्या रूपाने मागितला की तो कोणाच्या डोळ्यांत भरत नाही. दुसरे असे की, कोकणपट्टीत एका दिवसात शंभर मिलिमीटर पाऊस पडणे ही काही नवलाची गोष्ट नव्हे. तेवढ्या पावसात या पट्टीवर चार लाख लिटर पाणी पडते. पूर्वी ते गवतात व पालापाचोळ्यात मुरत होते. आता दाबलेल्या मुरमावरून ते धावत सुटते आणि वाटेत जे पहिले खाचर लागेल त्याचा बांध फोडते. याकरिता रस्त्यास मधोमध उंचवटा, वरच्या अंगास चर आणि प्रत्येक ओघळीवर पुरेशा तोंडाची मोरी ही हवीच. रस्ता सरळ उतारावरून खाली आणू नये. डोंगराच्या कमरेने वळणे घेत आणावा. खणलेली माती खालच्या अंगास लोटून देण्याची जी चाल पडली आहे ती तर फार वाईट आहे. ती माती दोन पावसाळ्यांत ओढ्यात जाते आणि ओढ्यातून शेतात येते.

आता कायद्याकडे वळू. आमचे उभे आयुष्य तहसील कचेरीतील दप्तरात गेले. वाटेच्या तंट्यांची कागदपत्रे आम्ही मोजता येणार नाहीत इतकी हाताळली आहेत. लोकांचा पहिला भ्रम असा की, ‘जमीन आहे म्हणजे वाट मिळालीच पाहिजे, तहसीलदार देईल.’ महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ याच्या कलम १४३ अन्वये तहसीलदारास शेजारच्या भूमापन क्रमांकांच्या हद्दीवरून रस्त्याचा हक्क ठरविता येतो, हे खरे. परंतु तो हक्क शेतकऱ्यास आपल्या शेतात वाजवी रीतीने जाता यावे म्हणून आहे, आणि तो हद्दीवरून, म्हणजे बांधावरून आहे. शेताच्या पोटातून नव्हे. बंगल्याच्या मोटारीकरिता हे कलम केलेले नाही. तहसीलदाराचा निर्णय ज्यास मान्य नसेल त्यास एका वर्षाच्या आत दिवाणी दावा लावता येतो. पूर्वीपासून चालू असलेली वाट कोणी अडविली, तर १९०६ च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाच्या कलम ५ खाली दाद मागता येते. पण अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत. सातव्या महिन्यात कचेरीची पायरी चढणारे आम्ही पुष्कळ पाहिले.

दुसरा भ्रम वहिवाटीविषयीचा आहे. १८८२ च्या सुविधाधिकार अधिनियमान्वये वीस वर्षे उघडपणे, शांततेने, हक्क म्हणून व खंड न पडता वाट वापरली तर हक्क जडतो. ‘हक्क म्हणून’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. परवानगी मागून केलेला वापर शंभर वर्षांचा झाला तरी तो हक्क होत नाही. गरजेच्या वाटेचेही तसेच. एखाद्या शेतकऱ्याने आपल्या जमिनीचा आतला तुकडा विकला आणि बाहेरचा स्वतःकडे ठेवला, तर खरेदीदारास त्या उरलेल्या जमिनीवरून वाट मागता येते. तिसऱ्याच शेजाऱ्याच्या जमिनीवरून नव्हे. डोंगराकडचा तुकडा चांगल्या भावाने गेला म्हणून संतोष मानणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे की, खरेदीखतात वाटेविषयी एक अक्षर नसले तरी त्याने आपल्या रस्त्याकडील शेतावर वाटेचे ओझे चढवून घेतलेले असते.

तोंडी परवानगीतील खरा खड्डा मात्र आणखी पुढे आहे. ‘आज दिली, उद्या बंद करीन’ असे शेतकरी समजतो. सामान्यतः ते बरोबरही आहे. परंतु त्याच अधिनियमाच्या कलम ६० प्रमाणे, परवानगीवर विसंबून समोरच्याने खर्च करून कायम स्वरूपाचे बांधकाम केले असेल, तर ती परवानगी मागे घेता येत नाही. म्हणजे तुम्ही गप्प बसून पाहत राहिलात आणि त्याने पक्का रस्ता व मोऱ्या बांधल्या, तर ‘मी तर तोंडीच बोललो होतो’ ही सबब न्यायालयात तुमच्या उपयोगी पडेलच असे नाही. आमच्या नोकरीच्या काळात एक प्रकरण असे पाहण्यात आले की, वाट देणाऱ्याच्याच गुरांस त्या वाटेवर फाटक लावून अडविले गेले. फाटकास कुलूप होते आणि किल्ली मुंबईस होती. बिचारा शेतकरी राबाचा पाला डोक्यावर घेऊन फाटकावरून उतरत असे. प्रकरण पुढे कोठे गेले ते येथे सांगत नाही. तो शेतकरी मात्र कचेरीच्या बाकावर बसून बसून थकला.

मग जमिनीची पट्टी विकूनच टाकावी काय? आमचा सल्ला, विकू नये. एक तर १९४७ च्या तुकडेबंदीच्या कायद्याने अशी अरुंद पट्टी सहजासहजी विकता येत नाही. २०२४ साली नियमांत दुरुस्ती होऊन शेतरस्त्याकरिता जिल्हाधिकाऱ्यांच्या मंजुरीने तशी सोय झाली आहे, ती निराळी. आणि दुसरे, पट्टीची मालकी गेली म्हणजे तुमचे शेत दोन तुकड्यांत फाटते आणि मध्ये परका धनी येतो. त्यापेक्षा जमीन आपल्याकडे ठेवावी आणि फक्त जाण्यायेण्याचा हक्क लेखी, नकाशासह, दुय्यम निबंधकाकडे नोंदवून द्यावा. त्याची नोंद सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ या रकान्यात करून घ्यावी. मे २०२५ मधील शासन निर्णयाने शेतरस्त्यांच्या नोंदी याच रकान्यात घेण्याचे व रस्ता किमान तीन ते चार मीटर रुंद ठेवण्याचे ठरविले आहे. तेव्हा आता नोंद घेण्यास कोणी आढेवेढे घेण्याचे कारण उरलेले नाही.

झाडीतील जमीन म्हटली की वनखात्याचा प्रश्न येतोच. खासगी वने संपादन करण्याचा कायदा १९७५ चा; त्यान्वये ३० ऑगस्ट १९७५ रोजी राज्यातील खासगी वने शासनाकडे गेली. कित्येक सातबाऱ्यांवर त्याच्या नोंदी आजही आहेत. १९२७ च्या वन अधिनियमाखालील जुनी नुसती नोटीस दाखवून जमीन वन ठरत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१४ मध्ये ठाणे-मुंबईकडील प्रकरणांत सांगितले. परंतु आपली जमीन त्यात बसते की नाही, हे जाणत्या वकिलाकडून पाहून घ्यावे, दलालाकडून नव्हे. रस्ता वनजमिनीवरून जात असेल तर १९८० च्या वन संवर्धन कायद्याची परवानगी लागते. शासनाने राखलेल्या सार्वजनिक रस्त्याच्या कडेच्या वनजमिनीतून वस्तीस जाण्यापुरती ०.१० हेक्टरपर्यंत सूट २०२३ च्या दुरुस्तीने मिळाली आहे; चार मीटर रुंदीने ती अडीचशे मीटरांत संपते. आणि जमीन स्वतःची असली तरी साग, ऐन, किंजळ, मोह, जांभूळ, आंबा, फणस ही झाडे १९६४ च्या वृक्षतोड कायद्याखाली येतात. वृक्ष अधिकाऱ्यास न विचारता त्यांवर कुऱ्हाड चालविता येत नाही.

विजेविषयी फार लिहीत नाही. मागेल त्यास जोडणी देणे हे २००३ च्या कायद्याने वीज कंपनीचे कर्तव्य आहे, परंतु खांब व तारा यांचा खर्च मागणाराकडून घेता येतो, आणि खांब ज्याच्या शेतात रोवावयाचा त्याची संमती लागते. त्याने हरकत घेतल्यास जिल्हा दंडाधिकाऱ्यांची परवानगी घ्यावी लागते. शक्य तेथे खांब व नळ रस्त्याच्याच कडेने न्यावेत, म्हणजे एकाच पट्टीत सर्व राहते आणि नांगरास अडथळा होत नाही. एकट्या घराकरिता दोन किलोमीटर तार ओढण्यापेक्षा छपरावर सौर तावदाने बसविणे पुष्कळदा स्वस्त पडते. पाण्याचे म्हणावे, तर तानसा, वैतरणा व भातसा यांच्या कुशीतील शहापूर तालुका मुंबईस पाणी पुरवितो आणि उन्हाळ्यात त्याच्याच पाड्यांवर टँकर फिरतात. तेथे पोहण्याचा हौद बांधणाराने गावच्या विहिरीची पातळी एकदा वाकून पाहावी.

आता ज्या गोष्टीसाठी लेखणी हाती घेतली ती सांगतो. रानातील हे बंगले नवे आहेत, परंतु रानात राहणारे लोक नवे नाहीत. बंगल्याच्या पलीकडे बहुधा एखादी ठाकूरवाडी वा कातकरीवाडी असते आणि तिला पिढ्यान्‌पिढ्या पायवाटेखेरीज काही ठाऊक नसते. आजारी माणसास झोळीत घालून खांद्यावरून खाली आणतात. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळगडाच्या पायथ्याशी इर्शाळवाडीवर दरड कोसळली, तेव्हा वर जाण्यास रस्ता नव्हता. यंत्रे खालीच राहिली, आणि भर पावसात चिखलातून चढून गेलेल्या माणसांनी हाताने माती उपसली. सत्तावीस मृतदेह सापडले. सत्तावन्न माणसे सापडलीच नाहीत. नुसत्या रस्त्याने दरड थांबली असती असे आम्ही म्हणत नाही. किंबहुना बेताल खोदलेला रस्ता दरड ओढवूनही आणील. पण चार दिवस राहणाराच्या मोटारीस एका उन्हाळ्यात रस्ता होतो आणि बारमास राहणाराच्या आजारपणास होत नाही, ही तफावत डोळ्यांआड करण्यासारखी नाही.

म्हणून आमचे मत असे की, जो रानात रस्ता करू इच्छितो त्याने तो वाडीपर्यंत न्यावा, निदान वाडीस खुला ठेवावा; आणि शेतकऱ्याने वाट देते वेळी हीच अट लिहून घ्यावी. वनहक्क कायदा, २००६ यात अशा वस्त्यांच्या रस्त्यांसाठी ग्रामसभेच्या शिफारशीवर एक हेक्टरपर्यंत वनजमीन वळविण्याची तरतूद आहे. खासगी बंगल्यास ती नाही. ग्रामसभेस बरोबर घेतले तर जे एकट्यास वर्षानुवर्षे मिळत नाही ते सर्वांस मिळून मिळण्याचा संभव असतो. ‘आमच्या पैशाने रस्ता करावयाचा आणि वापरावयाचा गावाने?’ असे कोणी विचारील. नगर तालुक्यातील गुंडेगावचे राजाराम भापकर गुरुजी यांनी आपल्या पगारातून व निवृत्तिवेतनातून पैसा घालून डोंगरातून रस्ते काढले, ते सर्वांसाठी. शिक्षकाच्या मिळकतीस जे झेपले ते बंगलेवाल्यास जड जाऊ नये.

आम्हा ऐरोलीकरांस रस्त्याचे दुसरे रूपही ठाऊक आहे. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली आणि पंचाण्णव गावांच्या जमिनी नव्या शहराकरिता घेण्याचे ठरले. जानेवारी १९८४ मध्ये उरणकडे मोबदल्यासाठी उठलेल्या शेतकऱ्यांवर गोळीबार होऊन पाच जण पडले, तेव्हा कोठे पुढे साडेबारा टक्के भूखंडांची योजना आली. १९९९ साली मुलुंडकडे जाणारा खाडीपूल झाला, २००४ साली आगगाडी आली. पण तोवर ज्यांच्या शेतांवरून ही वाहतूक धावते त्यांची नावे सातबाऱ्यावरून केव्हाच उतरली होती. सरकारने जमीन घेतली तेव्हा निदान नोटीस आली, निवाडा झाला, भांडावयास समोर कोणी तरी होते. रानातला खासगी रस्ता नोटिशीवाचून येतो.

तेव्हा लेखात पुढील मजकूर अवश्य असावा: रुंदी व लांबी मीटरमध्ये, नकाशात रंगवून, वाट देणाऱ्याची माणसे, गुरे, गाड्या व यंत्रे यांस कायमची मुभा, फाटक असल्यास त्याची किल्ली दोन्हीकडे, मोऱ्या व चर दर वर्षी वैशाखात साफ करण्याची जबाबदारी व तिचा खर्च कोणाकडे, बांध फुटल्यास भरपाई किती दिवसांत, आणि घर पुढे दुसऱ्यास विकले तरी हेच बंधन त्याजवर. मोबदला घ्यावा, लाजू नये. भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज दिवाळी झाल्याबरोबर द्यावा. तेव्हा भाताची कापणी होऊन गेलेली असते, बांध उघडे दिसतात आणि भूकरमापकास हद्दीच्या निशाण्या सापडतात. मोजणी होईपर्यंत जेसीबी यंत्र शिवारात येऊ देऊ नये.