आमच्या रक्ताचं मराठी करा

दोस्तांनो, मोबाइलवर सिकलसेल शोधून बघा. मराठीतच शोधा. विषमयुग्मजी, अप्रभावी जनुक, रक्तविघटन... शब्द अंगावर धावून येतात. आमच्या गोंदिया जिल्ह्यात धानाच्या रोवणीला जाणाऱ्या बाईनं यातून काय घ्यायचं? 'वाहक' म्हणजे तिला एस.टी.चा कंडक्टर ठाऊक. 'अप्रभावी' वाचून ती म्हणणार, प्रभाव नाही ना, मग झालं तर! आणि मग दोन वाहकांचं लग्न लागतं, नि दर गरोदरपणात चारात एक धोका पोटी येतो की पोर एसएस निघेल, जन्मभर कळा सोसेल. पंडितांनो, हा शुद्धलेखनाचा वाद नाही.

सिकल म्हणजे विळा. रक्तातली लाल पेशी विळ्यासारखी वाकते, बारीक नळीत अडकते, तिथं कळ उठते. धान कापणाऱ्याला विळा समजावायला परिभाषा कोश कशाला लागतो?

शुक्ला आणि सोळंकी या डॉक्टरांनी 1958 साली मध्य भारतातल्या सिकलसेलची नोंद 'लॅन्सेट'मध्ये छापली. इंग्रजीत, लंडनला. रक्त इथलं, वाचक तिथला. विदर्भात हा आजार दलित-आदिवासींत जास्त, कुणबी-तेल्यांतही आहे. मलेरियाच्या मुलखात जे तगले त्यांच्या रक्तात हा गुण राहिला, त्यात कसला विटाळ? पण ही साधी गोष्ट कुणी सांगत नाही, म्हणून कार्ड पेटीच्या तळाशी जातं आणि पोरीच्या सोयरिकीत कुणी तोंड उघडत नाही.

अमेरिकेत ब्लॅक पँथरवाल्यांनी 1971 पासून काळ्या वस्त्यांत फुकट सिकलसेल तपासणी सुरू केली. समजेल अशा भाषेत सांगितलं, की हा तुझा आजार आणि सरकार त्याच्याकडं बघत नाही. 1972 साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली ती त्यांचंच नाव घेऊन. नाव घेतलं, आग घेतली. तपासणीची सुई मात्र आपल्यात तशी रुजली नाही. हा टोमणा माझ्याच माणसांना आहे, तेवढा हक्क मला आहे.

सरकारनं 1 जुलै 2023 ला शहडोलहून सिकलसेल निर्मूलनाचं मिशन काढलं, 2047 ची मुदत घालून. तपासणी होते, कागद हातात पडतो. कागदाचा अर्थ माणूस मोबाइलवर शोधतो. आणि तिथं काय? डिसेंबर 2023 मध्ये अमेरिकेनं जनुक-उपचाराला मान्यता दिली, ती बातमी 'सिकलसेल बरा होणार' म्हणून फिरली. खोटी नव्हती. पण एका उपचाराची किंमत 22 लाख डॉलर, ते कुठंच नाही. वस्तीतल्या एका बापानं मला ती दाखवली. म्हणाला, भाऊ, वावर विकलं तर होईल का? वावर दीड एकर. त्याच्याच खालच्या व्हिडिओत एक बुवा काढा विकत होता. दोन्ही एकाच काचेवर, एकाच आवाजात.

लिहायचं तर असं लिहा: पाणी भरपूर पी. गारठ्यापासून जप. बांधीच्या पाण्यात दिवसभर उभी राहू नको (आणि त्या दिवसाची मजुरी कोण देणार, तेही त्याच पानावर लिहा). ताप आला तर रात्र असली तरी दवाखाना गाठ. डॉक्टरनं हायड्रॉक्सीयुरिया दिली असेल तर बरं वाटलं म्हणून आपल्या मनानं सोडू नको. मूल हवं असेल तर आधी त्याला विचार. एएस म्हणजे तू आजारी नाहीस, पण लग्नाआधी समोरच्याचंही रक्त तपासून घे. शिवल्यानं, सोबत जेवल्यानं हा होत नाही. शिवाशिवीचं गणित आम्हाला नव्यानं शिकवू नका.

रुग्णासाठीचा मजकूर सहावीच्या पोराला वाचता यावा, असा सल्ला अमेरिकेत देतात. आमच्याकडं पोर सोडा, आशाताईसुद्धा अडखळते. तेव्हा छापण्याआधी, मोबाइलवर टाकण्याआधी सालेकसा-देवरीकडच्या बायांपुढं पान मोठ्यानं वाचा. जिथं त्या "म्हणजे काय?" म्हणतील, तो शब्द तिथंच खोडा आणि त्या काय म्हणतात ते लिहून घ्या.