निळा डाग

कागदाचे भाव, टपालखर्च, निवडणुकांचा गोंगाट हे यंदाचं रडगाणं तुम्हांला पाठ आहे आणि तरीही अंक तुमच्या हातात आहे, तेव्हा ते पुन्हा गात नाही.

वर्षभर वैताग दिला तो कथांनी. आमच्या टेबलावर संस्कृती रोज बुडत होती आणि बुडवणारे ठरलेले होते. मोबाइलमधून मान वर न काढणारा नातू, बाहेरून जेवण मागवणारी सून, अमेरिकेतून नुसते पैसे धाडणारा मुलगा. हे पात्र ऱ्हासाचं प्रतीक आहे, असं लेखक सोबतच्या पत्रात आवर्जून कळवतात. कळवलंत ते बरं केलंत, कारण कथेत आम्हांला पात्रच सापडलं नव्हतं. त्याला ना दातदुखी, ना कर्जाचा हप्ता. आजोबा मात्र थेट देव्हाऱ्यातले.

तेंडुलकरांच्या ‘गिधाडे’तले पपा आठवा. सख्ख्या भावाला धंद्यात फसवून वर आलेला हा बाप. रमाकांत आणि उमाकांत त्याच्याच तालमीत तयार झाले. ते बापाला दारू पाजून त्याच्याकडचा पैसा काढू बघतात, बहिणीच्या, माणिकच्या, पोटावर लाथा घालून गर्भ पाडतात. आणि ही माणसं राक्षस नाहीत. चिडकी, हिशेबी, पैशाच्या विवंचनेत कुढणारी, आपल्या जिन्यात भेटावीत अशी आहेत. १९७० साली श्रीराम लागूंनी हे नाटक बसवलं, तेव्हा सेन्सॉरला माणिकच्या पातळावरचा रक्ताचा डाग खुपला. मग प्रयोगात डाग निळा झाला आणि तो लाल समजावा, असं प्रेक्षकांना जाहीर सांगितलं गेलं. सेन्सॉरला निदान डाग दिसला होता. आमचे कथालेखक तो नातवाच्या अंगाला पुसतात आणि आजोबांचं धोतर शुभ्र ठेवतात.

एलकुंचवारांच्या ‘वाडा चिरेबंदी’त (१९८५) ट्रॅक्टर गंजत पडलाय, पैशाची ओढाताण आहे, पण घरधनी तात्याजींच्या तेराव्याला गावजेवण झालंच पाहिजे. धरणगावकर देशपांड्यांची इभ्रत! त्यांचा मुलगा चंदू घरात गड्यासारखा राबतो, मुलीला, प्रभाला, शिकू दिलेलं नाही. पुढे नात रंजू शिकवणीच्या मास्तरबरोबर दागिने घेऊन पळते. आमच्याकडच्या कथेत सगळं खापर तिच्या डोक्यावर फुटलं असतं. एलकुंचवार त्याआधी थोरल्या सुनेच्या, वहिनीच्या, अंगावर रात्री ते पिढीजात सोनं चढवतात, आणि बघताना हा वाडा पडावा असंही वाटतं, उभा राहावा असंही.

यंदाचा ‘पडकी घरं’ हा विशेष विभाग याच वैतागातून निघाला, असं म्हणायला हरकत नाही. खरं तर तो गेल्या वर्षीच ठरला होता, लेख वेळेत आले नाहीत इतकंच.

पुढच्या अंकासाठी कथा मे अखेरपर्यंत पाठवाव्यात. नातवाचा मोबाइल चालेल. सोबत आजोबांचा सातबारा जोडावा.