‘सजीव’ कोणास म्हणावे?

मृत्यू ही एका क्षणात उरकणारी घटना नव्हे, ती काही काळ चालणारी क्रिया आहे, असे शरीरशास्त्र पूर्वीपासून सांगत आले आहे. ती क्रिया आपल्या समजुतीपेक्षा किती मंद असू शकते, हे अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या प्रयोगांनी दाखवून दिले. नेनाद शेस्तान व त्यांचे सहकारी यांनी खाटिकखान्यातून आणलेल्या डुकरांच्या ३२ मेंदूंवर प्रयोग केला. मृत्यूनंतर चार तासांनी त्या मेंदूंतून एक कृत्रिम द्रव सहा तास खेळविण्यात आला. एप्रिल २०१९ मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झालेल्या वृत्तान्तानुसार त्यांतील पेशी प्राणवायू व शर्करा घेऊ लागल्या आणि रक्तवाहिन्या औषधांना प्रतिसाद देऊ लागल्या. जाणिवेची खूण मानता येईल अशी विद्युत्-हालचाल मात्र आढळली नाही. २०२२ मध्ये याच प्रयोगशाळेने, हृदय बंद पडून एक तास झालेल्या डुकरांच्या सबंध शरीरात असाच द्रव खेळविला आणि हृदय, यकृत व मूत्रपिंड यांच्या पेशींचे काही व्यापार पुन्हा सुरू झाले.

अवयव देहाबाहेर जगविण्याची ही खटपट नवी नाही. एकट्याने अटलांटिक ओलांडणारा वैमानिक लिंडबर्ग आणि शल्यविशारद कॅरेल यांनी १९३५ मध्ये न्यूयॉर्क येथे काचेच्या पंपाच्या साहाय्याने मांजराची थायरॉइड ग्रंथी जगवून दाखविली होती. या विद्येचे फळ उघड आहे. दान मिळालेला अवयव अधिक काळ टिकावा, औषधाची पारख जिवंत जनावराला यातना न देता व्हावी, पक्षाघातानंतर मेंदू वाचविण्याचा मार्ग सापडावा, या आशा पोकळ नाहीत. हे संशोधन थांबवा, असे म्हणणे म्हणूनच अविचाराचे होईल.

परंतु यकृत व मेंदू यांना एकाच मापाने मोजता येत नाही. यकृताला वेदना कळत नाही. वेदना कळण्याचे स्थान मेंदू आहे. येलच्या संशोधकांना याची जाणीव होती. मज्जापेशींचे व्यापार दाबणारे औषध त्यांनी द्रवात मिसळले होते आणि जाणिवेचे चिन्ह दिसताच भूल देण्याची सिद्धताही ठेवली होती. ही त्यांची सद्सद्विवेकबुद्धी प्रशंसनीय होय. कायद्याने मात्र त्यांना यांपैकी काहीच विचारले नव्हते. जनावरे आधीच मेलेली आणि तीही खाण्यासाठी पाळलेली, तेव्हा देखरेखीचे कारण नाही, असा निर्वाळा विद्यापीठाच्या प्राणिविषयक समितीने दिला होता.

आपल्याकडे तरी निराळे काय आहे? १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्याच्या लेखी ‘प्राणी’ म्हणजे मनुष्येतर ‘सजीव’. खाटिकखान्यातून आणून यंत्रावर ठेवलेला मेंदू या व्याख्येत बसविणे कठीणच. माणसाच्या बाबतीत आपण अधिक दक्षता दाखविली. महाराष्ट्र, गोवा व हिमाचल प्रदेश या राज्यांच्या विधानसभांनी ठराव केले आणि संसदेने १९९४ मध्ये अवयवप्रत्यारोपणाचा कायदा करून मस्तिष्कस्तंभमृत्यूची व्याख्या ठरविली. येलमधील एकही मेंदू जागा झाला नाही. त्यामुळे अवयवदात्यांनी शंकित होण्याचे कारण नाही. तथापि लोकांचा हा विश्वास ठेव्यासारखा जपला पाहिजे आणि तो जपावयाचा तर नियम स्पष्ट हवेत.

म्हणून आमची मागणी साधी आहे. देहाबाहेर जगविलेला मेंदू, मग तो खाटिकखान्यातून आलेला का असेना, प्राण्यांवरील प्रयोगांच्या देखरेख समितीच्या कक्षेत आणावा. प्रयोगाचा अवधी आधी ठरावा, भूल देण्याची व्यवस्था सक्तीची असावी आणि जाणिवेचे चिन्ह दिसताच प्रयोग आवरता घ्यावा. मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा अभ्यास करणाऱ्यांच्या वाटेत मात्र कागदांचा डोंगर उभा करू नये.

पाणी येण्यापूर्वीच वळण बांधावे, हे शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. आज संशोधकांनी स्वतःहून पाळलेली मर्यादा उद्याचा एखादा उतावळा प्रयोगकर्ता पाळीलच, याची हमी कोण देणार? ती हमी व्यक्तीच्या सज्जनपणावर सोपवून चालणार नाही. ती कायद्यानेच दिली पाहिजे.